गोळी अनशापोटी, मग चहा कधी? औषधांच्या वेळा कशा लावायच्या

घरोघरी हेच चालू असतं, सकाळी उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी आणि पाठोपाठ लगेच चहा, मग टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) काही खाली येत नाही आणि डोस मात्र वाढत जातो. कृपा करून डोस वाढवायच्या आधी एकदा गोळीची वेळ नीट लावून बघा.

गोळी गिळली म्हणजे ती रक्तात पोचलीच असं नाही. ती आतड्यातून शोषली जावी लागते, आणि चहातलं टॅनिन, धान्याच्या कोंड्यातलं फायटेट, सोयाबीन, हे सगळं तिथेच आडवं येतं.

थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास, जमलं तर तासभर काहीच नाही, चहा-कॉफी तर नाहीच नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती 4 तास लांब ठेवा. सकाळच्या डब्याच्या घाईत हे जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेता येते, पण जेवण होऊन 3 तास झालेले हवेत. आणि वेळ बदलली तर डॉक्टरांना तसं सांगा, कारण तोच डोस आता जास्त शोषला जाऊन जड होऊ शकतो, छातीत धडधड, हात थरथरणं असं काही वाटलं तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. टीएसएच पुन्हा 6 ते 8 आठवड्यांनी करायची, आठ दिवसात करून काही कळत नाही.

लोहाच्या गोळीचं तर फारच वाईट वाटतं. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून मिळते ती लाल गोळी, 60 मिलिग्रॅम लोह असतं तिच्यात, बिचाऱ्या नेमाने घेतात पण चहासोबत, म्हणजे टॅनिन त्या लोहाला धरून ठेवतं आणि बरंचसं तसंच बाहेर जातं. चहा गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास नको. दूध पण नको. त्याऐवजी लिंबूपाणी घ्या, आवळा खा, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या पण गोळी बंद करू नका, आणि शौचाला काळं होतं त्याला घाबरू नका, ते लोहामुळेच.

आता उलटा प्रकार, म्हणजे औषध कमी नाही तर जास्त शोषलं जाणं. 1989 च्या सुमारास कॅनडात डेव्हिड बेली यांची टीम फेलोडिपिन हे बीपीचं औषध आणि दारू यावर प्रयोग करत होती, दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस दिला आणि रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सापडलं. आतड्यात औषध मोडणारं एक एन्झाइम असतं, या फळातली फ्युरानोकौमरिन्स तेच बंद पाडतात. आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातं म्हणाल, पण पपनसात पण हीच रसायनं असतात! कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन, अटोरव्हास्टॅटिन, बीपीची निफेडिपिन किंवा किडनी बदलल्यावरची टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन चालू असेल तर पपनस खायच्या आधी डॉक्टरांना विचारा. इथे दोन-चार तासांचं अंतर ठेवून भागत नाही, परिणाम एक दिवस तरी राहतो, कधी जास्त.

काळी मिरी पण याच बाजूची. तिच्यातल्या पायपरिन या द्रव्यामुळे रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध जास्त शोषलं जातं, म्हणून जम्मूच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने कमी रिफॅम्पिसिन आणि पायपरिन एकत्र असलेली टीबीची गोळीच तयार केली. आमटीतल्या मिरीची काळजी नको, पण हळद-मिरीच्या कॅप्सूल मनाने सुरू करू नका, विशेषतः फिटची औषधं चालू असतील तर.

वॉरफेरिनवाल्यांचं, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाऱ्यांचं प्रकरण शोषणाचं नाही, पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाचं आहे, पण सांगून ठेवते, भाजी बंद करायची नाही, रोज साधारण तेवढीच खायची.

आणि रात्री इसबगोल घेत असाल तर ते बाकीच्या गोळ्यांपासून 2 तास लांब घ्या, भरपूर पाण्यासोबत.