विंडोजवर क्लॅमएव्ही अडलं तर

मूळ युनिक्सवरचं क्लॅमएव्ही हे अँटीव्हायरस विंडोजवर टाकलं की बहुतेक वेळा अडतं ते सेटिंगच्या फाइलपाशी. मावशीच्या लॅपटॉपवर फ्रेशक्लॅम, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा डाउनलोड करणारा त्याचा भाग, सुरूच होईना, तेव्हा मीही आधी इंटरनेट तपासत बसले होते.

'कॉन्फ_एक्झाम्पल्स' फोल्डरमधली फ्रेशक्लॅमची नमुना फाइल क्लॅमएव्हीच्या मुख्य फोल्डरमध्ये कॉपी करा. नावाच्या शेवटचं 'डॉट सॅम्पल' काढा. मग ती नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीलाच एका ओळीवर 'एक्झाम्पल' एवढा एकच शब्द दिसेल. ती ओळ पुसा. ती असेपर्यंत प्रोग्रॅम हलत नाही. मावशीकडे तीही पुसली, तरी तेच! एक्सप्लोररमध्ये फाइल एक्स्टेन्शन दाखवायला सांगितलं, तेव्हा कळलं की सेव्ह करताना नोटपॅडने मागे 'डॉट टीएक्सटी' जोडलं होतं. तेवढं काढलं आणि डाउनलोड सुरू झालं.

डेटाबेस फोल्डरमध्ये मेन, डेली आणि बाइटकोड या तिन्ही फाइली आल्याशिवाय स्कॅन लावू नका. स्कॅन लावल्यावर सुरुवातीला काहीच हलत नाही, तेव्हा खिडकी बंद करू नका. त्या फाइलींतल्या सगळ्या खुणा मेमरीत चढत असतात, त्याला 1 जीबीहून जास्त रॅम लागते.

आणि विंडोज डिफेंडर चालूच राहू द्या. विंडोजवर क्लॅमएव्ही सांगितल्यावरच तपासतं, सतत पहारा देत नाही.