आधी एक थेंब स्थिर ठेवून दाखवा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला उसळत्या लाटा, फुटणारे बुडबुडे, सगळं एकदम संगणकावर सिम्युलेट करायचं होतं. आता कुणी नवीन विद्यार्थी विचारायला आला की मी एकच काम देतो : गुरुत्वाकर्षण बंद कर, हवेत पाण्याचा एक गोल थेंब ठेव आणि कोड चालव. काहीही घडता कामा नये.

माझा थेंब जागेवर राहिला, पण भोवतीची हवा गरगर फिरायला लागली. मी दोन आठवडे बाउंड्री कंडिशन, म्हणजे कडांवरचे नियम, तपासत बसलो. चूक थेंबाच्या पृष्ठभागाची वक्रता काढण्यात होती. व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड पद्धतीत (हर्ट आणि निकल्स, 1981) जागेचे छोटे चौकोन, म्हणजे सेल, पाडतात आणि प्रत्येक सेलमध्ये पाण्याचा वाटा 0 ते 1 असा साठवतात. पाणी आणि हवेच्या सीमेवर हा आकडा एकदम उडी मारतो, त्यामुळे त्याच्या डेरिव्हेटिव्हवरून काढलेली वक्रता डळमळीत येते. मग पृष्ठताण आणि दाब एकमेकांना पुरते तोलत नाहीत, आणि उरलेलं बल हवेला ढकलतं. हवा पाण्यापेक्षा आठशे पटींनी हलकी, ती लगेच पळते. यालाच पॅरासिटिक करंट म्हणतात. हाइट फंक्शनने (सेलच्या रांगेतलं पाणी बेरजून सीमेची उंची काढायची रीत) वक्रता काढली आणि दाबाचा ग्रेडियंट (जागेनुसार होणारा बदल) व पृष्ठताण एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने डिस्क्रिटाइझ केले, म्हणजे सेलवरच्या आकड्यांत मांडले, तेव्हा कुठे हवा शांत झाली.

थेंबातला दाबही हाताने काढून पडताळा. 1 मिमी त्रिज्येच्या थेंबात तो बाहेरपेक्षा साधारण 144 पास्कल जास्त हवा. द्विमितीत मात्र निम्मा, 72. हा फरक विसरल्यामुळे मी बरोबर असलेला कोड एकदा मोडून ठेवला होता.

लेव्हल सेट या दुसऱ्या पद्धतीत (ऑशर आणि सेथियन, 1988) प्रत्येक बिंदूचं सीमेपासूनचं अंतर साठवतात; तिच्यात वक्रता सुरेख मिळते, पण थेंब हळूहळू आटतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वस्तुमानाचा आलेख काढा.

टाइम स्टेपचं, म्हणजे कोड एका वेळी किती काळ पुढे सरकतो याचं, गणितही आधीच करा. 10 मायक्रॉनच्या सेलला, पृष्ठताण एक्स्प्लिसिट (आधीच्या क्षणाच्या आकड्यांवरून) घेतला तर, ती जेमतेम 1 मायक्रोसेकंद येते. सेल निम्मा केला की ती जवळपास तिपटीने आखडते.

बॅसिलिस्क किंवा ओपनफोम ही प्रवाहाची तयार सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. स्वतःचा छोटा द्विमितीय कोड लिहून झाल्यावरच त्यांच्याकडे वळा, असं मी आग्रहाने सांगेन.

थेंब स्थिर राहिला की वर चढणाऱ्या बुडबुड्याचा 2009 चा बेंचमार्क, म्हणजे कोड ताडून पाहायचं ठरावीक उदाहरण, घ्या. त्यातल्या पहिल्या उदाहरणात तीन गटांच्या कोडची उत्तरं छान जुळली. दुसऱ्यात बुडबुड्याला पातळ शेपट्या फुटतात, आणि त्या तुटतात की नाही यावर त्यांचं एकमत झालं नाही. तुमच्या कोडमध्ये त्या तुटल्या, तर सेलची जाळी दुप्पट बारीक करून पुन्हा चालवा.