जुन्या बलेनोला टर्बो कसा बसवावा आणि ट्यून कसा करावा

बलेनो म्हणजे हल्लीची हॅचबॅक नव्हे. मारुतीने १९९९ ते २००७ या काळात विकलेली सेडान. तिचं जी१६बी इंजिन १५९० सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, कॉम्प्रेशन रेशो ९.५, ताकद साधारण ९४ बीएचपी. या इंजिनावर मी आजवर तीनदा टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, चढवला. पहिल्या वेळी पिस्टन फुटला. तिसऱ्या सिलिंडरमधला तो पिस्टन आता माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून बसलाय, आणि खरं तर हा लेख त्याच्यापायीच लिहितोय. बाकीच्या पायऱ्या भराभर उरकतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आरसीवर आणि कंपनीच्या नोंदीत जे आहे त्याच्याशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही, आणि कलम १८२अ मध्ये दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झाला तर विमाही गेला समजा. माझी गाडी आता ट्रेलरवरून ट्रॅकला जाते. "कोण बघतंय" म्हणणाऱ्यांनी पुढचं आपल्या जबाबदारीवर वाचावं.

आधी इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. चारही सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर टर्बोचे पैसे आधी इंजिनकामात घाला. ऑइल खाणाऱ्या इंजिनाला टर्बो लावला की ते तेच ऑइल दुप्पट खातं, एवढाच फायदा.

टर्बो कोणता, या प्रश्नावर गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "स्विफ्ट डिझेलचा भंगारात स्वस्त मिळतो, तोच टाका". नका टाकू. डिझेलचा धूर पूर्ण लोडलाही साधारण ८०० ते ८५० अंशांपर्यंत तापतो, पेट्रोलचा ९५० च्या वर जातो. शिवाय १.३ डिझेलसाठी बनवलेली ती चिमुकली टर्बाइन १.६ पेट्रोलला पाच हजार आरपीएमच्या पुढे गळा आवळल्यासारखी धरते. पेट्रोल गाडीतून निघालेला टीडी०४, किंवा बजेट असेल तर गॅरेटचा जीटी२५५४आर, या मापाचा घ्या. पाण्याची कनेक्शनं असलेलाच घ्या.

इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणारा मॅनिफोल्ड शेड्यूल ४० च्या, म्हणजे जाड काळ्या पाइपाच्या बेंडांचा करा. चकचकीत पातळ स्टेनलेसचा दिसतो छान, पण टर्बोचं वजन आणि उष्णता झेलता झेलता वर्षभरात जोडावर तडकतो. फ्लँज १२ मिलिमीटरची, आणि वेल्डिंग करताना ती एखाद्या भंगार हेडला बोल्ट करून ठेवा, नाहीतर केळ्यासारखी वाकते. तरीही थोडी वाकतेच. मग सरफेस ग्राइंडिंग. कोल्हापुरात उद्यमनगरात हे काम तासाभरात होतं.

ऑइलचा सप्लाय ऑइल प्रेशर स्विचच्या भोकातून टी लावून घ्या. टर्बो बॉल बेअरिंगचा असेल तर त्यात रिस्ट्रिक्टर, म्हणजे ऑइल कमी सोडणारं बारीक भोक, हवाच. खरी काळजी घ्यायची ती परतीच्या पाइपाची. टर्बोतून निघणारं ऑइल दाबाखाली नसतं, ते नुसतं वजनाने खाली उतरतं. म्हणून परतीचा पाइप आतून किमान अर्धा इंच, सरळ उतरता, कुठेही पोट न आलेला, आणि चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. चेंबर उतरवून त्याला बंग, म्हणजे पाइप जोडायचा तुकडा, वेल्ड करावा लागतो. कंटाळा करून खालच्या ड्रेन नटाला जोडाल तर ऑइल टर्बोतच तुंबेल, सीलमधून बाहेर येईल आणि सायलेन्सर निळा धूर ओकेल. मग मिस्त्री सांगेल, "साहेब, टर्बोचं सील गेलंय." गेलेलं काही नसतं.

टर्बोतून धूर खाली नेणारा अडीच इंची डाउनपाइप, ३३० ते ३६० सीसीचे इंजेक्टर, नवा इंधन पंप, एक नंबर थंड प्लग आणि त्यांचा गॅप ०.७ मिलिमीटर. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे सहाच्या जागी सात. गाडी जुनी आहे आणि पंपावर आता ई२० मिळतं, तेव्हा इंधनाचे रबरी पाइप सगळे बदला. पाय उचलल्यावर अडकलेली हवा सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा "पिस्स" आवाज ऐकायचाच असेल तर लावा. ०.४ बार बूस्टला, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या एवढ्या दाबाला, त्याचा आवाजापलीकडे फारसा उपयोग नाही.

मूळच्या ईसीयूला (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणाऱ्या संगणकाला) फसवणाऱ्या डब्या विकत घेऊ नका. स्टँडअलोन, म्हणजे स्वतःच ट्यून करता येणारा वेगळा ईसीयू घ्या. स्पीडुइनो, मेगास्क्वर्ट, ज्यावर तुमचा हात बसलाय तो. इनटेकचा दाब मोजणारा मॅप सेन्सर किमान २.५ बारचा. धुरावरून हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड लॅम्डा मीटरशिवाय गाडी सुरूसुद्धा करू नका. बूस्ट मर्यादेत ठेवणारं दार म्हणजे वेस्टगेट, त्याची स्प्रिंग ०.४ बारची, म्हणजे सहा पीएसआय. मूळ पिस्टनवर आणि ९.५ कॉम्प्रेशनवर मी याच्या पुढे जात नाही. यातून १२५ ते १३० बीएचपी मिळतात, आणि हजार किलोच्या आसपासच्या गाडीला तेवढे रग्गड होतात.

आता पेपरवेट.

पहिली गाडी मी डिसेंबरात ट्यून केली, रात्री अकरानंतर, कारण तेव्हा रस्ते मोकळे. (गाडी तेव्हा रस्त्यावरच फिरवत होतो. ती चूक वेगळी मोजा.) बाहेर १४ अंश. मित्र शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला, मी तिसऱ्या गिअरमध्ये खेचतोय. मिश्रण ११.५ (एक भाग पेट्रोलला साडेअकरा भाग हवा), टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, एकेक अंश पुढे नेत गेलो, गाडी सुसाट. इंटरकूलर, म्हणजे दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी, नव्हता. "सहा पीएसआयला इंटरकूलर कशाला" हे मला ज्यांनी सांगितलं होतं त्या सगळ्यांचे फोन नंबर माझ्याकडे अजून आहेत.

एप्रिलमध्ये आम्ही चौघं रत्नागिरीहून परत येत होतो. दुपारी अडीच, आंबा घाट, एसी चालू, काचा बंद, चौथा गिअर, आरपीएम २,८०० च्या आसपास आणि पाय पूर्ण दाबलेला. आवाज कुणालाच ऐकू आला नाही. ताकद एकदम ढेपाळली, मागे निळा धूर, आणि बॉनेट उघडून बघतो तर ऑइलची डिपस्टिक आपोआप दोन बोटं वर आलेली. ते दृश्य मी विसरणार नाही. सिलिंडरमधला दाब रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये उतरत होता आणि डिपस्टिक बाहेर ढकलत होता. टोचन करून गाडी आणली. चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन ओळीने १२, १२, ४, साडेअकरा. तिसऱ्या पिस्टनची, दोन रिंगांच्या खाचांमधली पट्टी सव्वा इंच तुटलेली.

ज्याने बघितलं त्याने सांगितलं, "लीन झाली," म्हणजे पेट्रोल कमी पडलं. लॉग, म्हणजे ईसीयूने साठवलेली नोंद, काढला तर मिश्रण ११.२. म्हणजे उलट जास्तच रिच, पेट्रोल जादा. मग कुणी पेट्रोलमध्ये भेसळ म्हणालं, कुणी पिस्टनच हलका म्हणालं. दोन आठवडे मी लॉगच्या ओळी वाचत बसलो आणि एका कॉलममध्ये अडकलो: इनटेक हवेचं तापमान, ४० अंश. टर्बोतून दाबलेली हवा ४० अंशांवर कशी असेल?

सेन्सर मी मूळ जागीच ठेवला होता, एअर फिल्टरच्या डब्यात, टर्बोच्या अलीकडे. तो बिचारा बाहेरचं हवामान सांगत होता. हवा ०.४ बार दाबली की साध्या टर्बोमध्ये तिचं तापमान ४५ ते ५० अंशांनी चढतं. डिसेंबरच्या रात्री इंजिनात ५८ अंशांची हवा जात होती, एप्रिलच्या दुपारी ८८ ची. टायमिंग मात्र डिसेंबरचंच, म्हणून तापलेलं मिश्रण आपण होऊन पेटत होतं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि पिस्टन त्यानेच तुटला. आणि मिश्रण रिच का होतं, तेही इथेच कळतं. ईसीयूला हवा थंड, म्हणजे घट्ट वाटत होती, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत होता. मीटरवर सगळं सुरक्षित दिसत होतं ते त्याच चुकीमुळे.

म्हणून माझी मतं आता पक्की आहेत. सहा पीएसआयलाही इंटरकूलर लागतो, आपल्याकडे तर लागतोच. तो ग्रिलमागे, रेडिएटरच्या पुढे. तापमानाचा सेन्सर इंटरकूलरच्या नंतरच्या पाइपात, उघड्या टोकाचा, चटकन प्रतिसाद देणारा. इनटेक मॅनिफोल्डच्या धातूत बसवू नका. तिथे तो हवेचं तापमान सोडून इंजिनाचं सांगतो.

दुसरं, ट्यूनिंग उन्हात करा. मी आता एप्रिलच्या दुपारी डायनोची (गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राची) वेळ मागतो आणि डायनोवाला हसतो. हसू दे. थंडीत जुळवलेलं टेबल (ईसीयूमधला टायमिंगचा तक्ता) उन्हात इंजिन फोडतं, उन्हात जुळवलेलं थंडीत दोन-चार बीएचपी कमी देतं. एवढाच सौदा आहे.

पद्धत अशी. आधी मिश्रण. बूस्टमध्ये लॅम्डा ०.७८ ते ०.८० ठेवा. लॅम्डाच बघा (आदर्श मिश्रण म्हणजे १, त्याखाली रिच), ११.५ वगैरे आकड्यांच्या नादी लागू नका. पेट्रोलचं आदर्श मिश्रण १४.७ धरतात, ई२० चं साडेतेराच्या आसपास येतं, आणि गेज कोणत्या हिशेबाने आकडा दाखवतंय हे विसरलात की गोंधळ. लॅम्डाला इंधन कोणतं याचं सोयरसुतक नसतं.

मग टायमिंग, आणि ते खालून वर. माझ्या गाडीत पूर्ण बूस्टला ३,००० आरपीएमवर १० अंशांपासून सुरुवात केली, ६,००० वर १६ पासून. एका वेळी एकच अंश वाढवायचा आणि डायनोवरचा टॉर्क बघायचा. टॉर्क वाढायचा थांबला की तुम्हीही थांबा, नॉकिंग ऐकू आलं नाही तरी. नॉकिंग ऐकू आलं तर तीन अंश मागे या आणि तिथून पुढे जायचा मोह करू नका. आमची तिसरी गाडी अखेर १४ आणि २० वर स्थिरावली. हे आकडे उचलून तुमच्या गाडीत टाकू नका, ते त्या गाडीचे आहेत. सगळ्यात सावध राहायचं ते अडीच ते साडेतीन हजारांच्या पट्ट्यात. बूस्ट पूर्ण आलेला असतो, पिस्टन सावकाश चाललेला असतो, तापलेल्या मिश्रणाला आपण होऊन पेटायला वेळ मिळतो. घाट म्हणजे नेमका हाच पट्टा. लोक मात्र ट्यूनिंगचा सगळा वेळ सहा हजारांच्या वर घालवतात, कारण तिथे बीएचपीचा आकडा छापला जातो.

नॉकिंग ऐकायचं कसं? नुसत्या कानाने ते ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. एसीवाल्याकडून आठ मिलिमीटरची तांब्याची नळी दोन फूट आणा. एक टोक हातोडीने चपटं करा, भोक पाडा, ब्लॉकच्या मधोमध एखाद्या बोल्टखाली आवळा. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि ती कारखान्यात कानाला लावतात त्या मफमध्ये भोक पाडून खुपसा. शंभर-दोनशे रुपयांचा स्टेथोस्कोप झाला. इंजिनाची नेहमीची घरघर त्यात गादीखालून आल्यासारखी येते. नॉकिंग मात्र स्पष्ट येतं, पत्र्यावर नखाने टकटक केल्यासारखं, कोरडं. एकदा ऐकलंत की पुन्हा चुकणार नाही. इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावणार असाल तर ७५ मिलिमीटर बोअरला ही टकटक साधारण ७.६ किलोहर्ट्झवर येते, फिल्टर तिथे ठेवा. डायनोवरच ऐका. कानाला मफ लावून रस्त्यावर गाडी पळवू नका.

शेवटी ते टेबल, जे मी शून्यावर सोडलं होतं: तापमानानुसार टायमिंग मागे घेण्याचं. चाळीस अंशांपर्यंत शून्य, पन्नासला एक, साठला तीन, सत्तरला पाच अंश मागे, आणि पंच्याहत्तरच्या पुढे बूस्टच कापून टाक, असं ईसीयूला सांगून ठेवलंय. हे फक्त बूस्टमध्ये लागू करा, नाहीतर सिग्नलला उभी गाडी सुस्तावते. टेबल भरून झाल्यावर तपासा: गाडी दहा मिनिटं उन्हात सुरू ठेवून इंटरकूलर तापू द्या आणि लगेच पाय पूर्ण दाबून एक खेच घ्या. लॉगमध्ये टायमिंग मागे आलेलं दिसलं पाहिजे. नसेल दिसत तर टेबल कुठेतरी बंद आहे, आणि सॉफ्टवेअरमधली ती एक टिक शोधल्याशिवाय दुसरी खेच घेऊ नका.

पहिल्या पाच-सहा पूर्ण खेचींनंतर इंजिन बंद करून प्लग काढा आणि पांढऱ्या चिनी मातीवर भिंग धरा. मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चकाकणारे बारीक कण दिसले तर ते तुमच्या पिस्टनमधून आलेत. दोन अंश मागे या, नवे प्लग टाका, पुन्हा खेच घ्या, पुन्हा भिंग धरा.