मिलिसेकंदांचे तास-मिनिटं करताना सेकंदापाशी थांबा

नाशिकच्या अंबड-सातपूर भागातल्या कारखान्यांत मशीनचा लॉग, म्हणजे वेळेची नोंद, मिलिसेकंदांत येतो आणि साहेबांना उत्तर तास-मिनिटांत हवं असतं. हे रूपांतर मी वर्षानुवर्षं करतोय. नव्या पोरांना तक्ता पाठ करायला सांगतात, त्याने काही होत नाही. चूक कुठे होते ते कळलं पाहिजे.

आधी एकक नीट वाचा. एमएस म्हणजे मिलिसेकंद. यूएस छापलं असेल तर तो मायक्रोसेकंद, कारण ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर कळफलकावर नसलं की लोक त्याजागी यू टाकतात. हे दोन्ही सारखेच समजलात तर उत्तर हजारपटीने चुकेल.

मग सेकंद काढा. मिलिसेकंदांना 1,000 ने भागा, मायक्रोसेकंदांना 10 लाखांनी, नॅनोसेकंदांना 100 कोटींनी. शून्यं मोजताना आपल्या लाख-कोटींच्या स्वल्पविरामांवर जाऊ नका. ही एककं तीन-तीन शून्यांनी चढतात, म्हणून उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडा.

आता खरी अडचण. सेकंद म्हणजे आपला द्वारका चौक आहे. तिथपर्यंत मुंबई-आग्रा रस्त्याने सरळ आलात, पण पुण्याला जायचं तर वळावंच लागतं. सेकंदापर्यंतचा हिशोब दहाच्या पटीत चालतो. पुढे साठाचा हिशोब सुरू होतो, आणि कॅल्क्युलेटर मात्र दहाच्याच हिशोबाने दशांश दाखवत राहतो.

मी यात एकदा सपशेल फसलो. भट्टीतल्या एका लॉटचा वेळ लॉगमध्ये 87,30,000 मिलिसेकंद होता. त्याचे 8,730 सेकंद झाले. कॅल्क्युलेटरवर 3,600 ने भागल्यावर 2.425 आलं आणि मी वहीत लिहिलं, ‘2 तास 42 मिनिटं’. पुढचा लॉट त्याच आकड्यावर लावला. खरा वेळ होता 2 तास 25 मिनिटं 30 सेकंद. माल सोळा मिनिटांहून जास्त भट्टीत राहिला. तुकडा कापून तपासला तेव्हा अख्खा लॉट बाजूला काढावा लागला. ते ट्रे डोळ्यांसमोर रचून ठेवलेले होते, आणि वहीतलं अक्षर माझं होतं.

तेव्हापासून मी दशांश काढतच नाही, बाकी काढतो. तुम्हीही तसंच करा. 8,730 मध्ये 3,600 किती वेळा जातात? दोनदा. 7,200 गेले, बाकी 1,530. हे झाले 2 तास. 1,530 मध्ये 60 जातात 25 वेळा. 1,500 गेले, बाकी 30. झाली 25 मिनिटं आणि 30 सेकंद. कागदावर तीन ओळी लागतात, पण गोंधळाला जागाच उरत नाही. दुसऱ्याने 2.425 हातात दिलंच, तर फक्त .425 ला 60 ने गुणा: 25.5 मिनिटं. ‘पॉइंट पाच म्हणजे अर्धा तास, मग पॉइंट चार म्हणजे 40 मिनिटं’ असं सांगणारा भेटला तर त्याचं ऐकू नका. 0.4 तास म्हणजे 24 मिनिटं.

उलट बाजूने जाणं सोपं आहे: सगळ्याचे सेकंद करा आणि 1,000 ने गुणा. पडताळाही तसाच होतो. 7,200, 1,500 आणि 30 मिळून 8,730 आले की वहीत उतरवा.

हाच फास पंचांगातही आहे. पंचवटीत गुरुजी घटी-पळांत वेळ सांगतात आणि घरी कोणीतरी ‘3 घटी 15 पळे’ म्हणजे 3.15 समजून 24 ने गुणतं. एका घटीत 60 पळे आणि एका पळात 60 विपळे असतात. घटी 24 मिनिटांची, पळ 24 सेकंदांचं आणि विपळ 0.4 सेकंदांचं, म्हणजे लॉगच्या भाषेत 400 मिलिसेकंद. म्हणून दोन्ही वेगळं गुणा. 3 घटींची 72 मिनिटं, 15 पळांचे 360 सेकंद म्हणजे 6 मिनिटं. एकूण 78, म्हणजे 1 तास 18 मिनिटं. घटी सूर्योदयापासून मोजतात, तेव्हा सूर्योदय 6 वाजून 20 मिनिटांनी असेल तर घड्याळात 7 वाजून 38 मिनिटं बघा.