शिकारीच्या गेमचा मॅप करायचाय? आधी पाणवठा ठरवा

गावी गेलो की कॉलेजातली पोरं गाठतात. "भो, गेममधलं जंगल बनवायचं काम असतं म्हणे. त्याला कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" सॉफ्टवेअरचं सांगतोच, पण ते या कामातलं सगळ्यात सोपं प्रकरण आहे.

मी पुण्यात एका स्टुडिओत लेव्हल डिझायनर आहे, म्हणजे गेममधली जागा आणि तिच्यातला खेळ आखणारा. काम मुख्यतः शिकारीच्या गेमच्या मॅपांचं. शिक्षण तालुक्याच्या गावातलं, बीएस्सी बॉटनी. घरी केळी आणि कापूस. इंजिनिअरिंग न करता, मुंबईचा महागडा अ‍ॅनिमेशन कोर्स न करता इथं निभतंय, याचं बरंचसं श्रेय जळगाव जिल्ह्यातल्या यावल-चोपड्याकडच्या रानात केलेल्या भटकंतीला आहे. ती कशी कामाला येते, ते नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहितोय.

नवख्यांचे पोर्टफोलिओ, म्हणजे कामाचे नमुने, माझ्याकडे बघायला येतात. नव्वद टक्क्यांत एकच चित्र: धुकं, झाडांतून येणारे उन्हाचे पट्टे, शेवाळलेला दगड, मोडकी झोपडी. दिसायला झकास. मी विचारतो, यात हरीण दुपारी कुठं बसतं? पाणी कुठं पितं? तिथून इथवर कोणत्या वाटेनं येतं? पोरगं गप्प होतं. चित्र म्हणून ते पास आहे, पण त्यात शिकार करता येणार नाही.

'द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड' हा २०१७चा गेम खेळून बघा. त्यात प्रत्येक प्राण्याच्या गरजेच्या जागा ठरलेल्या असतात: चरायची, पाणी प्यायची, विसाव्याची. कोणत्या तासाला कळप कुठं असणार, हेही ठरलेलं. खेळाडूला माग काढता काढता अशी जागा सापडली की ती नकाशावर नोंदली जाते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तो वाऱ्याचा अंदाज घेऊन तिथं दबा धरतो. सगळा खेळ या एवढ्यावर उभा आहे. म्हणून डिझायनरच्या कागदावर पहिल्यांदा येतात ते तीन ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. मग शिकाऱ्यानं बसायची जागा. झाडं फार नंतर. आणि तीन ठिपक्यांत पहिला पाण्याचा, कारण चारा कुठं असेल आणि सावली कुठं असेल हे पाणीच ठरवतं.

हे शिकायला सातपुड्याच्या पायथ्यासारखी शाळा नाही. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात डोंगरातून उतरणारे नाले पायथ्याशी येतात आणि वाहायचे थांबतात. तिथं डोंगरानं आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा, वाळूचा जाड थर आहे. भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. पाणी त्यात जिरून खाली जातं. म्हणजे डोंगरात डोहाला पाणी, खाली तापीला पाणी, आणि मधल्या पट्ट्यात नाला कोरडा ठाक. आता जनावराच्या बाजूनं विचार करा. उन्हाळ्यात त्याला एकतर वरच्या डोहाशी राहायचं, नाहीतर मधला उघडा पट्टा ओलांडून शेतातल्या पाण्यापर्यंत यायचं. हा उघडा पट्टा म्हणजे डिझायनरला आयती मिळालेली भेटीची जागा. नकाशावर कुठंही निळा गोळा काढून पाणवठा म्हणणाऱ्याला असं काही सुचत नाही. पाणी कुठून येतं आणि कुठं संपतं याचं कारण असलं, की बाकीचा मॅप आपोआप जुळत जातो.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. (आईला अजून वाटतं मी जनावरं मारायचे गेम बनवतो. तिचं तसं चुकत नाही.) पण शिकाऱ्याची नजर बंदुकीशिवायही शिकता येते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणीगणना करतं. ऐन उन्हाळा असल्यानं पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेलं असतं आणि चांदण्यात दिसतंही चांगलं, म्हणून ही रात्र. स्वयंसेवकांना घेतात तेव्हा नाव नोंदवा. एका रात्रीत जे कळतं ते कुठल्या ट्युटोरियलमध्ये नाही.

मचाणावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की जनावर थेट पाण्यावर येत नाही. झाडीच्या कडेला थांबतं. कान फिरवतं, वास घेतं, दोन पावलं येतं, परत मागं जातं. मोर आधी येऊन जातात. जनावर पाण्यावर घोटाळतं कमी, झाडीच्या कडेला घोटाळतं जास्त. म्हणून मॅपमध्ये पाणवठ्याभोवती मोकळं अंगण आणि त्याच्याबाहेर दाट झाडीची कड हवी, आणि खेळाडूला ती कड दिसली पाहिजे. उत्कंठा तिथंच आहे, पाण्यावर नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सूर्य बुडाल्यावर उतार थंड होतो आणि गार हवा नाल्यानाल्यानं खाली वाहायला लागते. सकाळी ऊन तापलं की उलटं, हवा वर चढते. जनावर वरच्या रानातून पाण्यावर उतरत असेल, तर संध्याकाळी शिकाऱ्यानं पाणवठ्याच्या खालच्या अंगाला बसायचं, म्हणजे त्याचा वास वर जात नाही. सकाळी तीच जागा घात करते. मला हे कळलं तेव्हापासून मी प्रत्येक मोठ्या पाणवठ्याला दोन आडोसे देतो, एक वरचा आणि एक खालचा, आणि कोणता कधी वापरायचा हे सांगत नाही. खेळाडू दोनदा जनावर उधळल्यावर स्वतः शिकतो. त्याला हे कुठं लिहून दाखवलं तर मजाच गेली.

आता तंत्राचं. नकाशांसाठीचं क्यूजीआयएस फुकट आहे, थ्रीडी मॉडेलं घडवायचं ब्लेंडर फुकट आहे, गेम बांधायचं अनरिअल इंजिन शिकायला फुकट आहे. सातपुड्याचा खरा उंचसखलपणाही फुकट मिळतो: एसआरटीएमचा, म्हणजे अवकाशातून रडारनं मोजलेल्या उंचीचा डेटा, साधारण ३० मीटरला एक पिक्सेल. नवीन माणसाला वाटतं, झालं, तोरणमाळ उचलून गेममध्ये टाकू. इथं जरा हिशेब करा. अनरिअलमध्ये ४०३३ बाय ४०३३ बिंदूंचा लँडस्केप, म्हणजे जमिनीचा तुकडा, घेतला आणि मीटरला एक बिंदू ठेवला, तर होतात चार किलोमीटर. त्या चार किलोमीटरला एसआरटीएमचे पिक्सेल येतात जेमतेम १३५. ते ताणून ४०३३ केले की डोंगर शाडूच्या गोळ्यासारखे गुळगुळीत होतात, आणि ३० मीटरपेक्षा अरुंद नाला तर डेटात उरलेलाच नसतो. आपल्याला नेमका तोच हवा असतो, कारण जनावर त्यातूनच चालतं. म्हणून डेटा घ्यायचा तो डोंगराच्या ठेवणीपुरता. नाले, घळी, बांध, पायवाटा हातानं कोरायच्या, गीआसारख्या जमीन घडवायच्या सॉफ्टवेअरमधून पाण्यावाऱ्यानं होते तशी झीज चढवायची. हाइटमॅप, म्हणजे उंची रंगछटांत साठवलेलं चित्र, १६ बिटचाच काढा. ८ बिटमध्ये उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या मिळतात आणि उतारावर जिना दिसतो. झेड स्केल, म्हणजे उभ्या उंचीचं माप, १०० असताना अनरिअल एकूण ५१२ मीटर उंची धरतं. तुमच्या तुकड्यात ६०० मीटरचा फरक असेल तर ६०० भागिले ५१२ गुणिले १००, म्हणजे सुमारे ११७ ठेवा. इथं पुष्कळ जण डोंगर उगाच उंच करून ठेवतात आणि मग जनावरं उतारावर अडकतात.

अंतर मात्र खऱ्याएवढं ठेवू नका. बिबट्या एका रात्रीत कैक किलोमीटर फिरतो. खेळाडू एवढं चालला तर गेम बंद करून झोपेल. अंतर आवळायचं, पण क्रम मोडायचा नाही: डोह, सागाचा उतार, पायथ्याचा उघडा पट्टा, शेत, नदी. क्रम शाबूत राहिला की चार किलोमीटरसुद्धा खरे वाटतात. लांबून ओळखू येणारं एखादं शिखरही ठेवा. नंदुरबारकडे १,३२५ मीटरचा अस्तंभा हे काम करतो, तसं.

झाडांबद्दल बॉटनीवाला म्हणून थोडं जास्त बोलतो. नाल्याकाठी जांभूळ, उंबर, अर्जुन, करंज. उतारावर साग, धावडा, सालई, कोरड्या जागी अंजन. खाली बाभूळ, बोर, हिवर, पळस. झाडावरून पाणी किती लांब आहे ते सांगता येतं, आणि चांगल्या मॅपमध्ये खेळाडूलाही नकळत ते वाचता यायला हवं. अनरिअलच्या पीसीजी या नियमांवरून आपोआप मांडणी करणाऱ्या साधनानं हे बांधता येतं: उतार एवढा, पाण्यापासून अंतर एवढं, तर हे झाड. नियम मात्र तुम्हाला ठाऊक हवा. सगळीकडे सारखीच झाडं शिंपडणाऱ्याला मशीनही वाचवत नाही.

आणि केळी! खानदेशातल्या कुणी केळीच्या बागेचा मॅप अजून का केला नाही याचं मला नवल वाटतं. पाच बाय पाच फुटांवर लावलेली बाग. ओळीत उभं राहिलं तर नजर थेट बांधापर्यंत जाते. एक पाऊल तिरकं सरकलं की पानांशिवाय काही दिसत नाही. आत गारवा, ओल, अंधार. भर उन्हाळ्यात आजूबाजूची वावरं उघडी पडलेली असताना रानडुक्कर तिथं का घुसतं आणि बिबट्या त्याच्या मागं का येतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. डिझायनरच्या भाषेत ही दिशेनुसार उघडझाप करणारी जागा झाली, आणि तीही एकाच झाडाचं मॉडेल वापरून, म्हणजे मशीनवर भार कमी.

ऋतूचंही तसंच. सागाची पानं झडली की तोच उतार, तोच दगड, पण नजर तिप्पट लांब जाते. बदल्यात पायाखाली पाचोळा एवढा वाजतो की लपून जाणं मुश्किल. पावसाळ्यात दिसत काही नाही, पण पाऊल मुकं होतं. २०२५मध्ये आलेल्या 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'मध्ये एकाच प्रदेशाच्या ओसाड, वादळी आणि सुबत्तेच्या अशा अवस्था आलटून पालटून येतात आणि जनावरांचं वागणं त्यानुसार बदलतं. आपल्याला ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही.

राक्षसी जनावरांच्या शिकारीची ही 'मॉन्स्टर हंटर' मालिका २००४पासूनची. जुन्या गेममध्ये मॅपचे वेगवेगळे तुकडे असत. राक्षस कडेला गेला की दुसऱ्या तुकड्यात निघे, मधे गेम थांबून नवा तुकडा लोड होई. २०१८च्या 'वर्ल्ड'मध्ये ही मधली थांबणी काढली आणि प्रदेश सलग केला. मग प्रश्न आला, राक्षस निघाला तर चालत कुठून जाणार? वाटा रुंद हव्यात, वळायला जागा हवी, दमल्यावर जायला घर हवं. राथालोस या उडत्या राक्षसाचं घरटं त्यातल्या प्राचीन अरण्य नावाच्या मॅपच्या अगदी माथ्यावर आहे आणि त्याच्या मागं अडलेलं पाणी, जे फोडलं की राक्षसासकट सगळं वाहून जातं. हे अरण्य सुंदर आहे, पण माझ्या मते गरजेपेक्षा गुंतागुंतीचं. वर-खाली इतके मजले की माणूस हरवतो. मला त्याहून आवडतो तो याच गेममधला, प्रवाळाच्या पठाराखालचा कुजका प्रदेश. वर मेलेली जनावरं खाली पडतात आणि त्यांच्यावर खालचं सगळं जगतं. हे कुणी संवादातून पटवून द्यायची गरज नाही, मान वर केली की कळतं.

इथं नवख्यांना हुरूप येतो आणि ते खरोखरची अन्नसाखळी प्रोग्राम करायला बसतात. थांबा. १९९७च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये हा प्रयत्न झाला होता. गवतावर जगणारे, त्यांच्यावर जगणारे, असं सगळं बांधलं होतं. खेळाडूंनी दिसेल ते मारून टाकलं, साखळी टिकलीच नाही आणि ती व्यवस्था काढून टाकावी लागली. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात, म्हणजे आसपास पाचशेच्या घरात हवीत. ती मॅपवर कोण सोडणार? आपण सोडतो खुणा: खुरांचे ठसे, लेंड्या, ओरबाडलेलं खोड, अर्धवट खाल्लेलं धड. खेळाडूपासून लांब असलेले कळप फक्त वहीतल्या नोंदीसारखे ठेवायचे, पाच वाजता इथून तिथं एवढंच. खेळाडू जवळ आला की मग त्यांना देह द्यायचा, तोही नजरेआड. 'रेड डेड रिडेम्प्शन २'मध्ये टाकून दिलेलं धड कुजतं आणि त्यावर गिधाडं येतात. बघताना मला आपलं शिवार आठवतं. गुराढोरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं गिधाडं संपवली. २००६मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण मेलेल्या बैलाभोवती आता कुत्रीच दिसतात.

नोकरीचं थोडक्यात. एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट दगड-झाडं घडवतो आणि मांडतो, लेव्हल डिझायनर जागेचा खेळ ठरवतो, टेक्निकल आर्टिस्ट हे सगळं मशीनला पेलवतो. तिन्हीत एकदम अर्ज करू नका. पुण्यात मोठ्या परदेशी कंपन्यांचे स्टुडिओ आहेत, छोटेही आहेत, आणि बरंच काम बाहेरच्या गेमसाठीच्या आउटसोर्सिंगचं असतं. म्हणजे सुरुवातीला तुमच्या वाट्याला कुणीतरी ठरवलेल्या जंगलातले कुंपणाचे खांब येतील. मन लावून करा, त्यातच फाइलींची शिस्त लागते. मुलाखत इंग्रजीत असते. मोडकीतोडकी चालते, पण प्रत्येक निर्णयाचं कारण सांगता आलं पाहिजे.

पोर्टफोलिओत एकच मॅप ठेवा, अर्धा किलोमीटरचा चालेल. आधी वरून काढलेला नकाशा: पाणी, चारा, विसावा, वाटा, वाऱ्याची दिशा. मग राखाडी ठोकळ्यांतला मॅप, ज्यात एक साधं जनावर आपल्या वेळापत्रकानं फिरतंय. मग सजवलेला. व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत, आणि पहिल्या दहा सेकंदांत धुकं नको, जनावर पाण्यावर येताना दिसू दे. जुन्या लॅपटॉपवर गेम अडखळत असेल तर झाडं कमी करा, जनावर नको. आणि हा मॅप आधी गावातल्या एखाद्या रानात फिरणाऱ्या माणसाला दाखवा. आमच्या शेजारच्या पावरा बाबांना मी माझा दाखवला होता. बराच वेळ बघून ते म्हणाले, "भाऊ, पानी इथं हाये, मंग रोही तिकडनं कशाला येईन? तिकडं त् वस्ती हाये." रोही म्हणजे नीलगाय. मी कळपाची वाट नाल्यातून वळवली, आणि त्या वळणावरच गेममधली सगळ्यात चांगली दबा धरायची जागा मिळाली.