हिमोढ की दरड? लाहौलमधला माझा पहिला फील्ड सीझन

हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये, भागा नदीच्या खोऱ्यात, दारचा गावाच्या वर, एका नाल्याच्या तोंडाशी दगडमातीचा भलाथोरला बांध आडवा पडलाय. पहिल्याच दिवशी मी फील्डबुकात ठोकून दिलं: 'अंत्य हिमोढ', म्हणजे हिमनदीने आपल्या टोकाशी आणून टाकलेला दगडमातीचा ढीग. चंद्रकोरीसारखा आकार, वर हिमनदी, आणखी काय हवं? सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "अगं, किती जातीचे दगड मोजलेस?"

एकही मोजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोरीने एक चौकोन आखून बसले. पन्नास दगड: प्रत्येकाची जात, लांबी-रुंदी-जाडी, कडा धारदार की गोलसर. पन्नासच्या पन्नास क्वार्ट्झाइट, म्हणजे क्वार्ट्झचा टणक खडक, निघाले आणि कडा अशा, की हातमोजा फाटला. खरं सांगायचं तर मला यात काहीच खटकलं नाही. पुण्याकडे भूशास्त्र शिकलेल्याला सगळीकडे एकच दगड असणं स्वाभाविकच वाटतं. घाटात कुठेही हॅमर मारा, बेसाल्टच. तुम्ही महाराष्ट्रातून हिमालयात जाणार असाल तर ही सवय आधी मोडा.

हिमनदी आपल्या एसटीसारखी असते, वाटेत जो हात दाखवेल त्याला घेते. त्या खोऱ्यात वरच्या अंगाला ग्रॅनाइट होता, फिलाइट होता. हिमनदीने आणलेल्या ढिगात ते थोडेतरी दिसायला हवेत. शिवाय काही दगडांच्या बाजू घासून सपाट झालेल्या, त्यांवर ओरखडे, असंही सापडायला हवं. कडाच कोसळला असेल तर ढिगात त्या कड्याचाच दगड येतो. समोर मान वर करून पाहिलं तर डाव्या भिंतीला वाडग्यासारखी खोबण होती. क्वार्ट्झाइटची.

दरड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे माळीण यायचं, ३० जुलै २०१४ चं. पाऊस, चिखल, वाहून आलेली माती. हिमालयातली रॉक अ‍ॅव्हलांच वेगळी. तिला चिखल लागत नाही. अख्खा कडा कोरडाच फुटतो आणि किलोमीटरच्या किलोमीटर वाहत जातो, कधी समोरच्या उतारावर चढतोसुद्धा.

खरा पुरावा ढिगाच्या पोटात असतो. वरचे घराएवढे धोंडे पाहून मत बनवू नका, नाल्याने कापून उघडा पाडलेला उभा छेद, म्हणजे सेक्शन, शोधा. तिथे मला एक धोंडा शंभर ठिकाणी फुटलेला, पण सगळे तुकडे जागच्या जागी असा दिसला. मुठीने फोडलेला पापड ताटात न हलवता ठेवावा तसा. भेगांमध्ये पिठासारखी भुकटी. याला जिगसॉ म्हणतात. बर्फाखाली रगडून आलेल्या दगडात तुकडे असे एकमेकांना धरून राहणं कठीण.

ही गफलत माझ्यासारख्या नवख्यांचीच नाही. बारालाचा खिंड ओलांडल्यावर केलाँग सरायजवळचा मोठा ढीग आधी हिमोढ समजला जायचा. पुढे तो सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी कोसळलेला कडा ठरला. काराकोरममध्ये केनेथ हेविट यांनी असे कितीतरी 'हिमोढ' दरडींच्या खात्यात टाकले. ऑस्ट्रियातल्या कोफेल्सची गंमत तर आणखी मोठी. तिथे वितळलेला, काचेसारखा दगड सापडला, म्हणून आधी ज्वालामुखी, मग उल्कापात असे तर्क झाले. अखेर निघालं, की घसरणाऱ्या कड्याच्या घर्षणानेच दगड वितळला होता. नुसता शब्दांचा वाद नाही हा. हिमोढ चुकला तर हिमनदी कुठवर आली होती हे चुकतं, त्यावरून मांडलेला हवामानाचा इतिहासही चुकतो.

बरं, प्रत्येक ढीग एकाच खात्यात बसतो असंही नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत रोंटी शिखराचा सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटला. घर्षणाने बर्फ वितळला आणि खाली पोचेपर्यंत त्याचा चिखलगाळाचा लोंढा झाला होता. एकच घटना, पण वरचा साठा आणि खालचा साठा वेगळे दिसणार.

ढीग कधी पडला हे काढायला मोठ्या, न लोळलेल्या धोंड्याच्या माथ्यावरचे काही सेंटिमीटर छिन्नीने काढायचे. त्यातल्या क्वार्ट्झमध्ये वैश्विक किरणांमुळे साठलेलं बेरिलियम-१० मोजतात; धोंडा जितका जास्त काळ उघड्यावर, तितकं ते जास्त. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये ती सोय आहे. आपल्या बेसाल्टवाल्यांना क्वार्ट्झचं महत्त्व इथे कळतं. डोंगर काही किरण अडवतात, म्हणून सॅम्पल घेताना भोवतालच्या डोंगरांचे कोन टिपायला विसरू नका. मी एका धोंड्याचे विसरले आणि तेवढ्यासाठी पुन्हा दीड तास चढले.

नाला सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. आम्ही एकदा पलीकडेच अडकलो आणि अंधार पडेपर्यंत भिजलेल्या मोज्यांत, चणे खात बसलो.

शेवटच्या दोन दिवसांत बांधाच्या खालच्या टोकाला आणखी पन्नास दगड मोजले. सेहेचाळीस क्वार्ट्झाइट, चार ग्रॅनाइट, त्यातल्या एकावर ओरखडे. दरड हिमनदीवर पडली? की खाली आधीच असलेला जुना हिमोढ तिने खरवडून नेला? पहिल्या पानावरचं 'अंत्य हिमोढ' मी खोडलं, 'दरड' लिहिलं आणि पुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. सरांनी ते राहू दिलं.