इंटरनेट कंपनीकडील नोंदी आणि आपले ईमेल : काय राखले जाते, आपण काय करावे

आपले ईमेल कोणी वाचते का, ही शंका बहुतेकांना कधी ना कधी येते. भारतातील नियम मात्र मजकुरापेक्षा नोंदींवर अधिक भर देतात : कोणत्या ग्राहकाने, केव्हा, कोठून आणि कोणत्या सर्व्हरशी संपर्क केला. मजकूर सुरक्षित ठेवण्याची साधने आज सहज मिळतात, परंतु कंपनीकडे एकदा झालेली नोंद ग्राहकाला पुसता येत नाही. त्यामुळे त्या नोंदीत आपल्याविषयी कमीत कमी तपशील जावा, एवढेच आपल्या हाती उरते.

पहिले काम म्हणजे इंटरनेट कोणाचे आणि ईमेल कोणाचे, हे वेगळे करून पाहणे. मुंबई-पुण्यातील अनेक सोसायट्यांमध्ये ब्रॉडबँडचे पैसे केबलवाला नेतो, पण परवाना दुसऱ्याच कंपनीचा असू शकतो. बिलावर जिचे नाव असेल ती आपली खरी पुरवठादार समजावी. काही जुन्या ग्राहकांचे ईमेल पत्तेही इंटरनेट कंपनीनेच दिलेले असतात. अशा वेळी जोडणीची नोंद आणि टपालपेटीतील मजकूर दोन्ही एकाच ठिकाणी साठतात. असा पत्ता अजून वापरात असेल, तर निदान बँकेचा आणि वैद्यकीय पत्रव्यवहार स्वतंत्र ईमेल सेवेकडे हलवावा.

दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये दूरध्वनी व इंटरनेट कंपन्यांच्या परवान्याच्या अटी बदलल्या आणि कॉल व इंटरनेट वापराच्या नोंदी जपण्याची किमान मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. इंटरनेटच्या नोंदीला या क्षेत्रात आयपीडीआर म्हणतात. रात्री पावणेदहाला फोनमधील ईमेल ॲपने नवी पत्रे आणली, तर त्या नोंदीत साधारणपणे ग्राहकाची ओळख, त्याला मिळालेला आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक) व पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरील नेमकी जोडणी दाखवणारा आकडा), समोरच्या सर्व्हरचा पत्ता व पोर्ट आणि जोडणी सुरू होण्याची व संपण्याची वेळ एवढे येते. पत्र कोणाचे होते, विषय काय होता, हे त्यात नसते. पोर्ट क्रमांक लागतो, कारण मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात.

ईमेल कंपन्यांना वेगळे नियम लागू आहेत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार, खाते बंद केल्यानंतरही नोंदणीच्या वेळी दिलेली माहिती १८० दिवस जपावी लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणकप्रणालींचे लॉग, म्हणजे कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, मागील १८० दिवसांपर्यंतचे राखणे बंधनकारक आहे. याशिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांत वैयक्तिक माहिती व तिच्यावरील प्रक्रियेचे लॉग किमान एक वर्ष ठेवण्याची तरतूद आहे. ती टप्प्याटप्प्याने अमलात यायची आहे. खासगीपणाच्या नावाने आलेल्या नियमांतच साठवणुकीची सक्ती असावी, ही विसंगती लक्षात ठेवण्याजोगी आहे. थोडक्यात, खाते ‘डिलीट’ केले म्हणजे मागे काही उरले नाही, असे धरून चालू नये.

मजकुरापर्यंत पोहोचण्याचा कायदेशीर मार्गही माहीत असावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली संदेश रोखून पाहण्याचा आदेश एरवी केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिवच देऊ शकतात. तो ६० दिवसांपुरता असतो आणि मुदतवाढ धरून १८० दिवसांपलीकडे जात नाही. आधीपासून साठलेली कागदपत्रे व इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ आहे आणि प्रत्यक्ष तपासात याच मार्गाशी सामान्य माणसाचा संबंध येण्याची शक्यता अधिक असते.

आता प्रत्यक्ष सेटिंग्ज. संगणकावरील ईमेल ॲपमध्ये खात्याचे तपशील उघडावेत. पत्रे आणण्यासाठी पोर्ट ९९३ किंवा ९९५ आणि सुरक्षेच्या रकान्यात एसएसएल किंवा टीएलएस (जोडणी कूटबद्ध करण्याच्या पद्धती) दिसले, तर वाटेत मजकूर वाचता येत नाही. ११० किंवा १४३ क्रमांकासमोर सुरक्षा ‘नाही’ असे दिसले, तर पासवर्डसह सारे उघडे जात आहे. ते त्याच दिवशी बदलावे. अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’चा पर्याय असतो. तो चालू केल्यास संकेतस्थळांच्या नावांची विचारणा इंटरनेट कंपनीला उघडपणे दिसत नाही. समोरच्या सर्व्हरचा आयपी पत्ता मात्र दिसतोच, म्हणून या उपायाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

ईमेल कंपनीलाही मजकूर कळू नये असे वाटत असेल, तर दोन्ही बाजूंनी पीजीपीसारखी कूटलेखन पद्धत, म्हणजे पाठवणारा व घेणारा यांनाच मजकूर उलगडता येईल अशी रचना, किंवा ती अंगभूत असलेली सेवा वापरावी लागते. त्यातही विषयाची ओळ सहसा उघडीच राहते, तेव्हा ‘घटस्फोटाची कागदपत्रे’ असा विषय लिहून आतला मजकूर कुलूपबंद करण्यात काही अर्थ नाही. जीमेलमधील ‘कॉन्फिडेन्शियल मोड’ पत्र पुढे पाठवण्यावर बंधन घालतो, पण ते गूगलपासून लपवत नाही. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन मेलचा मजकूर कूटबद्ध असतो. तरीही २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशामुळे त्या कंपनीला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला होता. पत्र शाबूत राहिले, तरी माणूस सापडला.

व्हीपीएन म्हणजे आपली सारी वाहतूक कूटबद्ध करून स्वतःच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा. तिच्यामुळे इंटरनेट कंपनीला फक्त व्हीपीएनच्या सर्व्हरशी झालेली जोडणी दिसते. परंतु सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनी व्हीपीएन सेवांना ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण ही माहिती, ग्राहकाने सेवा सोडल्यावरही पाच वर्षे जपायला सांगितले आहे. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी २०२२ मध्ये भारतातील सर्व्हर काढून घेतले ते यामुळेच. कंपन्यांच्या व्हीपीएनवर, म्हणजे नोकरीच्या कामासाठी दिलेल्या जोडणीवर, ही अट लागू नाही. तेथे आपले मालकच सर्व काही पाहू शकतात, म्हणून खासगी पत्रे कार्यालयीन खात्यातून किंवा लॅपटॉपवरून पाठवू नयेत.

घरच्या वायफायकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नोंद जोडणीच्या मालकाच्या नावावर होते. पासवर्ड शेजाऱ्याला किंवा पेइंग गेस्टला दिला असेल, तर त्याच्या वापरापुढेही आपलेच नाव लागते. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे ‘गेस्ट नेटवर्क’ काढल्याने ही नोंद बदलत नाही, पण मुख्य पासवर्ड फिरत राहत नाही आणि पाहुणा गेल्यावर ते बंद करता येते.

याच नोंदी कधी आपल्या बाजूनेही उभ्या राहतात. खात्यात कोणी शिरल्याचा संशय आला, तर संगणकावर जीमेल उघडून पानाच्या तळाशी उजवीकडील ‘तपशील’ पाहावा. अलीकडच्या प्रवेशांची वेळ व आयपी पत्ते तेथे मिळतात. त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, धमकीचे किंवा फसवणुकीचे पत्र असेल तर ‘मूळ दाखवा’ हा पर्याय निवडून संपूर्ण हेडर (पत्राच्या प्रवासाची तांत्रिक माहिती) जपून ठेवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. आर्थिक फसवणूक असल्यास लगेच १९३० वर फोन करावा. लॉगची मुदत १८० दिवसांची असल्याने तक्रार लांबवू नये. हेडरमधील ‘रिसीव्हड’ ओळी खालून वर वाचायच्या असतात आणि प्रत्येक ओळीतील वेळेपुढे +०५३० किंवा ‑०७०० असा फरक दिलेला असतो. तक्रारीत वेळ लिहिताना ती भारतीय प्रमाणवेळेत बदलून, सेकंदांसह आणि पोर्ट क्रमांक उपलब्ध असल्यास त्यासह द्यावी, कारण एकच आयपी पत्ता अनेकांत वाटलेला असताना काही मिनिटांच्या चुकीनेही भलत्याच ग्राहकाचे नाव पुढे येऊ शकते.